स्पीकर घ्यायला निघण्याआधी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढा

घरच्या टीव्हीला, मोबाइलला किंवा लॅपटॉपला लावायला छोटा, साधा आणि खिशाला परवडणारा स्पीकर शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे परत येणारे बहुतेक छोटे स्पीकर बिघडलेले नसतातच. घरी नेले, टीव्हीला लावले, आवाज आला नाही, म्हणून परत आणलेले असतात. काउंटरवर मोबाइलला जोडले की खणखणीत वाजतात. त्यात आमचा अर्धा तास जातो, आणि डोंबिवलीहून निघून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलेल्या माणसाचा अख्खा दिवस. लॅमिंग्टन रोडला गर्दी कमी नसते, तेवढ्यात खोका सांभाळत पुन्हा लोकल पकडायची. हे टाळता येतं.

टीव्हीसाठी स्पीकर हवा असेल तर आम्ही आधी टीव्हीच्या पाठीचा फोटो मागतो. काहींना ही कटकट वाटते. ‘तुम्ही स्पीकर दाखवा हो, बसेल तो,’ असं म्हणतात. पिन बसते, हे खरं आहे. पण पिन बसली म्हणजे आवाज आला असं होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे.

बऱ्याच टीव्हींच्या पाठीला मोबाइलच्या हेडफोनसारखं एक छोटं गोल भोक असतं. स्पीकरची काळी पिन त्यात अलगद, अगदी ‘टक्’ आवाज करून बसते. पण त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. ‘एव्ही इन’ लिहिलं असेल तर ते आवाज बाहेर देणारं भोक नाही. जुना डीव्हीडी प्लेअर किंवा सेटटॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने टीव्हीला जोडण्यासाठी ते दिलेलं असतं. तिथून आवाज आत येतो. त्यात स्पीकर लावला तर तो जन्मभर गप्प बसेल. लाल-पांढऱ्या मोठ्या भोकांचंही तसंच. ‘इन’ असेल तर उपयोग नाही, ‘ऑडिओ आउट’ असेल तर काम झालं. हेडफोनचं चित्र असेल तर उत्तम: तिथे कुठलाही ऑक्सवाला (म्हणजे हेडफोनसारख्या काळ्या पिनचा) स्पीकर चालेल आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्तही होईल.

नव्या टीव्हींत हेडफोनचं भोक बऱ्याचदा दिलेलंच नसतं. मग दोन वाटा उरतात. पहिली ऑप्टिकल. हे चौकोनी भोक असतं, त्यावर छोटी झडप असते आणि टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो. दुसरी एचडीएमआय. टीव्हीला तीन एचडीएमआय असले तरी स्पीकरला आवाज देणारं सहसा एकच असतं, आणि त्यावर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ छापलेलं असतं. बाकीच्या दोनांत केबल खुपसून काही होणार नाही.

फोटो काढताना भोकांपेक्षा त्यांच्याशेजारची अक्षरं वाचता येणं महत्त्वाचं. टीव्ही भिंतीला ठोकलेला असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करा आणि हात बाजूने आत सरकवून हळूहळू फिरवा. टीव्हीच्या कडेलाही भोकं असतात, ती विसरू नका. मॉडेल नंबरचं स्टिकर त्यात आलं तर फारच छान, आम्ही इथे बसून बाकीचं शोधतो.

घरी लावताना कुठे अडतं

ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती काढायची असते. हे वाचून हसू येईल, पण ‘केबल बसतच नाही’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न हाच असतो. टोपी काढल्यावर पिन एकाच बाजूने बसते; उलटी धरून जोर केला तर टीव्हीची झडप तुटून आत जाते. ही केबल काचेसारखी मानायची. काटकोनात मोडून टीव्हीमागे कोंबायची नाही.

केबल बसली, लाल उजेड दिसतोय, तरीही आवाज नाही किंवा काही चॅनेलवर आहे आणि काहींवर नाही? टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’ शोधा आणि ते ‘पीसीएम’ (म्हणजे कुठल्याही स्पीकरला कळेल असा साधा डिजिटल आवाज) करा. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर ठेवलं की टीव्ही डॉल्बीचा सिग्नल जसाच्या तसा पुढे ढकलतो, आणि स्वस्तातल्या छोट्या स्पीकरला तो उलगडता येत नाही. त्याच सेटिंगमध्ये ‘टीव्ही स्पीकर’च्या जागी बाहेरचा स्पीकर निवडायला विसरू नका.

एआरसीसाठी टीव्हीत ‘सीईसी’ (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवायची सोय) चालू असावं लागतं, आणि कंपन्यांनी त्याला आपापली नावं ठेवलीत: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते एकदा चालू केलं की टीव्हीच्या रिमोटनेच स्पीकरचा आवाज चालतो. घरात आजी-आजोबा असतील तर आम्ही शक्यतो एआरसीवालाच स्पीकर सुचवतो. दोन रिमोट म्हणजे रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळी मुलांना हाक.

तुमच्या आवडीच्या स्पीकरला फक्त ऑक्स असेल आणि टीव्हीला फक्त ऑप्टिकल, तर स्पीकर बदलायची गरज नाही. मध्ये ऑप्टिकल-टू-आरसीए कन्व्हर्टर लागतो (आरसीए म्हणजे तीच लाल-पांढरी भोकं). काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी असते, आणि तिला टीव्हीच्या यूएसबीतून पाच व्होल्ट मिळतात. स्पीकरचा आवाज मग स्पीकरवरच्या बटणाने करायचा. बहुतेक टीव्हींचा रिमोट ऑप्टिकलवर काम करत नाही.

‘ब्लूटूथने जोडू की, वायर कशाला?’ हेही रोजचं. गाण्यांसाठी ब्लूटूथ उत्तम. टीव्हीसाठी आम्ही दहादा विचार करा म्हणतो, कारण आवाज पॅक होऊन, हवेतून जाऊन, पुन्हा उलगडेपर्यंत सेकंदाचे एक-दोन दशांश सहज जातात. बातम्या ऐकताना फारसं जाणवणार नाही. क्रिकेटमध्ये मात्र बॅटला चेंडू लागलेला दिसतो, आणि ‘टक्’ मागून येतो. काही टीव्हींत ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असतं, त्याने थोडी भरपाई होते, कारण तिथे टीव्ही चित्रही थांबवून धरतो. सगळ्यांत ते नसतं. आमच्याकडची तीन मीटरची वायर ब्लूटूथपेक्षा स्वस्त पडते आणि कधी ‘पेअर’ करावी लागत नाही.

खोक्यावरच्या वॉटना भुलू नका

यूएसबीवर चालणारा स्पीकर हातात घ्या, ज्याला दुसरा अडॅप्टर किंवा बॅटरी नाही असा. कॉम्प्युटरचं साधं यूएसबी 2.0 पाच व्होल्टवर अर्धा अँपिअर देतं. पाच गुणिले अर्धा, म्हणजे अडीच वॉट. एवढेच त्यात शिरतात, तर खोक्यावरचे वीस वॉट कुठून निघणार? आणि ‘पीएमपीओ’पुढे लिहिलेले आकडे तर वाचूच नका, पापणी लवते तेवढ्या वेळाचा कागदी हिशोब आहे तो. ‘आरएमएस’, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ते वॉट, किती ते बघा. तो आकडा दिलेलाच नसेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

आरएमएस दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॉटने तीन डेसिबल वाढतात, म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत दोन मीटरवर बसून ऐकायला चांगल्या स्पीकरचे पाच-दहा खरे वॉट पुरून उरतात. त्यापुढचे वॉट खालच्या मजल्यावरच्यांसाठी. रात्री 10 ते सकाळी 6 रहिवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा नियमात आहे, आणि आपल्याकडच्या भिंती कशा आहेत हे सांगायला नको.

वॉटपेक्षा आतल्या कोनचा (आवाज काढणाऱ्या गोल पडद्याचा) आकार आणि पेटीचं पोट बघा. मुठीएवढ्या पेटीतला दोन इंची कोन शंभर हर्ट्झच्या खाली फारसा जात नाही. त्याची परीक्षा सोपी आहे: मोबाइलवर तबल्याचं काहीतरी लावा. डग्ग्याची घुमारदार साथ ऐकू न येणाऱ्या स्पीकरवर ‘धा’चा ‘ता’ होतो. बोलणं, कीर्तन, प्रवचन, बातम्या यांना तेवढंही चालतं. गाणी मनापासून ऐकायची असतील तर निदान तीन-चार इंची कोनची जोडी घ्या. दुकानात सगळ्या खोक्यांतून ‘धमधम’ गाणं वाजवलं की सगळेच भारी वाटतात. म्हणून आम्ही तुमच्याच मोबाइलवरचं, तुम्हाला पाठ असलेलं गाणं वाजवतो, आणि आवाज घरी ठेवाल तेवढाच ठेवतो.

मग घ्यायचं काय?

दीड हजाराच्या आत: स्वयंपाकघरात किंवा उशाशी ठेवायला एकच ब्लूटूथ पेटी. यात एक गैरसमज नेहमी होतो. एफएम असलं तरी मीडियम वेव्हवरची केंद्रं त्यावर लागत नाहीत. आकाशवाणीची मीडियम वेव्हवरची वाहिनी हवी असेल तर मोबाइलवर आकाशवाणीचं अ‍ॅप लावा आणि ब्लूटूथने ऐका. भजनांचा पेनड्राइव्ह लावणार असाल तर 32 जीबीपर्यंतचा घ्या आणि एफएटी32 मध्ये फॉरमॅट करा. मोठे पेनड्राइव्ह बरेच स्पीकर ओळखत नाहीत.

तीन-साडेतीन हजारांपर्यंत: विजेवर चालणारी दोन पेट्यांची जोडी, ऑक्स आणि ब्लूटूथ दोन्ही असलेली. टीव्हीशेजारी कायम राहणार असेल तर बॅटरीवाला स्पीकर घेऊच नका. लिथियमची बॅटरी काही वर्षांत दम तोडते, बऱ्याच मॉडेलांत ती बदलायला अख्खी पेटी उघडावी लागते, आणि तुम्ही तिला एकदाही घराबाहेर नेलेलं नसतं. रंगीत दिवे, माइकचं भोक, कराओके यांचे पैसे आवाजात दिसत नाहीत. कमी बटणांचा स्पीकर कमी बिघडतो, हे आम्ही दुरुस्तीच्या टेबलावरून सांगतोय.

पाच-सहा हजार खर्च करायची तयारी असेल, किंवा जुन्या होम थिएटरच्या पेट्या माळ्यावर पडून असतील, तर आधी त्या पेट्या घेऊन या. कोन शाबूत असतील तर छोटा, कमी तापणारा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर आणि योग्य अडॅप्टर जोडून नव्या स्पीकरच्या निम्म्या खर्चात काम होतं. पेटीच्या पाठीवरचे ओहम (विजेला होणारा अडथळा) मात्र बघावे लागतात: चार ओहमची पेटी आठ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावली की तो तापून बंद पडतो. वायर जोडताना तांब्याचा एकही धागा शेजारच्या टर्मिनलला चिकटू देऊ नका. आणि एका पेटीला लाल-काळी वायर उलटी लागली तर दोन्ही वाजतील, पण बेस नाहीसा होईल, आवाज डोक्याच्या मागून येतोय असं वाटेल. एकाच पेटीच्या वायरी अदलाबदल करा, लगेच भरून येतो.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी: कोनच्या कडेची पट्टी रबराची घ्या, फोमची नको. मुंबईच्या दमटपणात फोम काही वर्षांत बोटाला काळी भुकटी लावून जातो. तेवढाच भाग आम्ही बदलून देतो, पण सुरुवातीलाच रबर घेतलेलं बरं. खोक्यावरचं ‘आयपीएक्स7’ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. समुद्राच्या खाऱ्या हवेबद्दल ते काहीच सांगत नाही.

घरी नेल्यावर

शोकेसच्या काचेमागे ठेवू नका, खोलीच्या कोपऱ्यात दाबू नका. दोन भिंतींच्या बेचक्यात बेस फुगतो आणि बोलणं घोगरं होतं. आधी ‘स्पीकर घुमतो’ म्हणून बदलायला आणलेल्या पेट्या नुसत्या एक फूट पुढे सरकवल्या की ठीक होतात. जोडी कानाच्या उंचीला, दोन्हींत साधारण एक-दीड मीटर अंतर. खाली जुना माउसपॅड कापून ठेवला तर टेबल थरथरत नाही.

लॅपटॉप चार्जिंगला असताना ‘हुम्म’ आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. गेला, तर स्पीकर ठीक आहे, अर्थिंगचा फेरा आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिला तर हा फेरा तोडणारा छोटा आयसोलेटर लागतो, तोही आमच्याकडे असतो.

आणि कृपा करून राउटरचा अडॅप्टर स्पीकरला लावू नका. गोल पिन सारखीच असते, पण राउटरचा बहुधा बारा व्होल्टचा असतो आणि स्पीकर पाच किंवा नऊचा. एकदा जळला की वॉरंटीत बसत नाही, आणि त्यात कंपनीचं चुकतही नाही. स्पीकरचा अडॅप्टर हरवला तर स्पीकरवरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसचं चित्र फोटो काढून आणा. अँपिअर जास्त असले तर चालतात, व्होल्ट जसेच्या तसे हवेत.

ऑनलाइन तोच स्पीकर शंभर-दीडशेने स्वस्त मिळू शकतो, नाकारत नाही. पण तिथे कुणी तुमच्या टीव्हीच्या पाठीचा फोटो मागत नाही. आमच्याकडे काउंटरशेजारी ऑप्टिकल आणि एआरसी दोन्ही असलेला टीव्ही लावलेला आहे. तुमच्या टीव्हीला जी वाट आहे, तीच वापरून स्पीकर वाजवून दाखवतो आणि लागणारी केबल त्याच पिशवीत देतो. फोटो बघून दिलेला स्पीकर टीव्हीला जुळला नाही तर तो आमचा दोष. फोटो न दाखवता नेलेला उघडलेला खोका मात्र परत घेताना आम्ही तपासणीचे पैसे घेतो, कारण तपासायला माणूस बसवावा लागतो.

शनिवारी संध्याकाळी गर्दी असते. सावकाश ऐकून घ्यायचं असेल तर कामाच्या दिवशी सकाळी या, फोटो आणि आवडीची दोन गाणी मोबाइलमध्ये घेऊन.