मास मीडिया स्टडीजचे गुण कमी वाटतात? अर्ज करण्याआधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा

सीबीएसई बारावीच्या मास मीडिया स्टडीज (विषय कोड ८३५) या विषयात ६० गुण लेखी परीक्षेला आणि ४० प्रात्यक्षिकाला असतात. निकालानंतर गुण पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज फक्त लेखी भागासाठी करता येतो. प्रात्यक्षिकाचे गुण पुन्हा तपासले जात नाहीत.

२०२५ मध्ये मंडळाने या प्रक्रियेचा क्रम बदलला आणि तो बदल विद्यार्थ्यांच्या फार हिताचा आहे. पूर्वी उत्तरपत्रिका न पाहताच गुणपडताळणीचे (बेरीज आणि तपासायची राहिलेली उत्तरं पाहण्याचे) पैसे भरावे लागत. आता आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, मग पुढचं ठरवायचं. त्या वर्षी छायाप्रतीला ७०० रुपये, गुणपडताळणीला ५०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला (उत्तर पुन्हा तपासून घ्यायला) प्रत्येक प्रश्नामागे १०० रुपये शुल्क होतं. तारखा, शुल्क आणि टप्पे दरवर्षीच्या परिपत्रकात पाहूनच पैसे भरा. मुदत मोजक्या दिवसांची असते, ती टळली की अर्ज घेत नाहीत.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच होतो. रोल नंबर आणि शाळा क्रमांक लागतो, म्हणून प्रवेशपत्र हाताशी ठेवा. छायाप्रत घेतलेल्यांनाच पुढे अर्ज करता येतो.

प्रत आली की घाई करू नका. आधी बेरीज करा, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघा. २०२५ च्या पद्धतीत अशी चूक गुणपडताळणीत दुरुस्त होत असे. मग आदर्श उत्तरांचे मुद्दे शेजारी ठेवून एकेक उत्तर वाचा. समजा, क्लोज-अपचा (अगदी जवळून घेतलेल्या दृश्याचा) उपयोग विचारलाय आणि तुम्ही पानभर चित्रपटाची गोष्ट लिहिलीत, पण चेहऱ्यावरचा भाव ठळक करणं, प्रेक्षकाचं लक्ष एका तपशिलावर खिळवणं हे लिहिलंच नाही, तर कापलेले गुण रास्तच आहेत. तिथे १०० रुपये घालवू नका. मुद्दा लिहिलेला असूनही गुण नसतील, तोच प्रश्न पुनर्मूल्यांकनाला टाका. माध्यमांचा अभ्यास पुढे करायचा असेल, तर हे वाचन गुण वाढोत न वाढोत, कामाला येतंच.

गुण कमीही होऊ शकतात, अगदी एकाने घटले तरी तेच ग्राह्य धरतात. पुनर्मूल्यांकनाच्या निकालावर पुन्हा दाद मागता येत नाही. गुण बदलले, तर जुनी गुणपत्रिका परत करून नवी घ्यावी लागते, त्यामुळे मूळ गुणपत्रिका नीट जपा.