गार

गार (स्त्रीलिंगी नाम, अनेकवचन गारा) : आभाळातून पडणारा बर्फाचा खडा. मराठवाड्यात हिमवर्षाव होत नाही. आभाळातून उतरलेला आणि बघता बघता विरघळणारा बर्फ इथल्या माणसाने पाहिला तो गारेच्याच रूपात.

'बर्फ' हा शब्द फारसीतून आला. संस्कृतातल्या 'हिम'चे मराठीत 'हिंव' झाले, पण त्यात बर्फ राहिला नाही, फक्त थंडी राहिली. 'हिंव वाजतंय', हिवाळा, हिवताप ही सगळी त्याचीच लेकरे. 'गार' मात्र तीन अर्थांनी नांदते: थंड, पावसात पडणारा खडा आणि पांढरा कठीण दगड. या दगडाला गारगोटी म्हणतात. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो सापडतो. पावसातल्या खड्याला हे नाव थंडीवरून पडले की दगडावरून? प्रस्तुत लेखकाचा कौल दगडाला. अमरकोशातही गारेला 'करका'बरोबर 'वर्षोपल' म्हटले आहे, म्हणजे पावसाचा दगड. 'गारपीट'मधली 'पीट' पिटण्याची, माराची.

उंच वाढलेल्या काळ्या ढगात शून्य अंशाखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब असतात. वर चढणारा वारा गारेचे बीज उचलून धरतो, थेंब त्यावर थिजत जातात आणि वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. मोठी गार फोडून पाहावी: आत पांढुरका गाभा, त्याभोवती काचेसारखे कडे, मग पुन्हा पांढरे. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही रचना तळहातावर जेमतेम एखादे मिनिट दिसते, मग रेषांमधून पाणी ओघळते.

या विरघळण्यालाही मराठीत नेमके शब्द आहेत. लोणी पाघळते, लोखंड वितळते, गार मात्र साखरेसारखी विरघळते. शाळेच्या पुस्तकात बर्फ 'वितळतो' आणि त्याला द्रवणांक असतो. अंगणात गारा वेचणारी पोरे 'विरघळली' असेच म्हणतात.

मराठवाड्यात गारा मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात, अवकाळी पावसाबरोबर पडतात. पत्र्यावर त्या ताडताड वाजतात, मातीच्या माळवदावर दबका आवाज करतात. नेमके तेव्हाच गहू, हरभरा आणि शाळू काढणीला आलेले असतात. २०१४च्या फेब्रुवारी अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागावर वारंवार गारपीट झाली. 'गारांनी झोडपून काढलं' असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्यातले क्रियापद खळ्यातले असते: कणसे झोडपून दाणे काढतात, तेच. इथे दाणे चिखलात जातात.

पंचनाम्याला माणूस येईपर्यंत गारा विरघळून गेलेल्या असतात. दाखवायला उरतात त्या गव्हाच्या मोडलेल्या काड्या आणि मार लागून काळे डाग पडलेली मोसंबी.