रडार वटवाघळाकडून शिकलेलं नाही

'वटवाघूळ बघून माणसानं रडार बनवलं' हे वाक्य विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे भेटतं. तारखा मात्र वेगळंच सांगतात.

रेडिओलहरींच्या परावर्तनावरून जहाज ओळखणारं यंत्र जर्मनीच्या ख्रिश्चन ह्युल्समायर यांनी १९०४ मध्येच दाखवलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉटसन-वॉट यांचा इंग्लंडमधला गाजलेला रडार प्रयोग १९३५ चा. आणि वटवाघळाचं गुपित? अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पालान्झानी आणि ज्युरिन या संशोधकांना एवढंच कळलं होतं, की डोळे गेले तरी वटवाघूळ नीट उडतं, कान बंद केले की धडकतं. का, ते कोडंच राहिलं. ते सुटलं १९४० च्या सुमारास हार्वर्डमध्ये. ग्रिफिन आणि गॅलम्बोस या संशोधकांनी, माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणारं उपकरण वापरून दाखवलं, की वटवाघूळ असेच आवाज काढतं आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून वाट ओळखतं. म्हणजे यंत्रामुळे वटवाघूळ समजलं! शिवाय रडार रेडिओलहरींवर चालतं, वटवाघूळ आवाजावर.

दंतकथेत तथ्याचा एक कण आहे. टायटॅनिक बुडाल्यावर १९१२ मध्ये संशोधक हायरम मॅक्सिम यांनी वटवाघळासारखं जहाजालाही अडथळे ओळखता यावेत, असं सुचवलं होतं. पण वटवाघूळ पंखांच्या मंद कंपनांवर वाट काढतं, हा त्यांचा तर्क चुकीचा होता.

प्राण्यांकडून खरोखर उचललेलं तंत्र बघायचं, तर बर्लिनच्या इव्होलॉजिक्स कंपनीचे पाण्याखालचे मोडेम, म्हणजे आवाजातून संदेश पाठवणारी यंत्रं, बघा. डॉल्फिनसारखी सतत वारंवारता बदलत जाणारी शीळ ते वापरतात. त्यामुळे पाण्यातल्या प्रतिध्वनींच्या गोंगाटातही संदेश ओळखता येतो.