फ्रू (स्कँडिनेव्हियन भाषांतील विवाहितेचे उपपद)

फ्रू : स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत विवाहित स्त्रीच्या नावाआधी लावण्याचे उपपद. आपल्या ‘सौ.’शी त्याचे नाते जवळचे. फरक एवढाच, की नवरा वारला म्हणून ‘फ्रू’ जात नसे. त्याच्याआधी विधवेचा शब्द जोडून डॅनिशमध्ये ‘एंकेफ्रू’ होई.

मध्ययुगात हान्सा या जर्मन व्यापारी शहरसंघाच्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीची बोली बाल्टिकच्या बंदरांत शिरली आणि हा शब्द तिच्यातून उचलला गेला. सुरुवातीला तो सरदारघराण्यांपुरता होता. शेतकऱ्याची बायको ‘हुस्त्रू’. या शब्दातही ‘हूस’ म्हणजे घर आणि पुढे झिजलेले ‘फ्रू’च, म्हणजे सरळ ‘घरधनीण’. अविवाहितेच्या ‘फ्रोकेन’लाही कूळ लागे. स्वीडनमध्ये मध्यमवर्गातल्या मुली ‘मामसेल’ म्हणवत. १८६६ पासून ‘फ्रोकेन’ सगळ्यांना खुले झाले.

खरी गंमत हुद्द्यांची. पाटलाची पाटलीण आणि मास्तरांची मास्तरीण व्हावी, तशी स्वीडिशमध्ये प्रोफेसरची बायको ‘प्रोफेसोरस्का’, जनरलची ‘येनेरालस्का’ आणि पाद्रीबुवांची ‘प्रोस्तिन्ना’. हुद्दा नवऱ्याचा, मान बायकोचा. पंचाईत झाली ती बाई स्वतःच हुद्द्यावर बसली तेव्हा. गणितज्ञ सोफ्या कोवालेव्हस्काया १८८९ मध्ये स्टॉकहोमला पूर्ण प्राध्यापक झाल्या. पण ‘प्रोफेसोरस्का’ म्हटले की ऐकणारा आधी नवऱ्याला शोधणार! अशा स्त्रियांसाठी पुरुषाचाच शब्द रुळला. उलट परिचारिकेचा ‘श्यूकशोतेस्का’ हा स्त्रीलिंगी शब्द आज पुरुष परिचारकालाही लागतो.

एकच शब्द शेजाऱ्यांकडे कसा वागतो तेही पाहण्यासारखे आहे. आइसलँडिकमध्ये ‘कोना’ म्हणजे स्त्री आणि डॅनिशमध्ये ‘कोने’ म्हणजे बायको. जुन्या स्वीडिशमधला त्यांचा भाऊबंद मात्र घसरत घसरत शिवी झाला. स्वीडिश ‘यिफ्त’चा अर्थ ‘विवाहित’, आणि ‘विष’सुद्धा. त्यावरचे विनोद तिकडे पार शिळे झाले आहेत. दोन्हींच्या मुळाशी ‘देणे’ आहे: दिलेली मात्रा आणि दिलेली मुलगी. ‘मुलगी कुठे दिली?’ असे विचारणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

१९६७ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपण सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणणार असे सांगितले. एकेरीची लाट आधीच सुरू होती. तिच्यात उपपदे वाहून गेली. आता ‘मीन फ्रू’ म्हणजे नुसते ‘माझी बायको’. ‘फ्रोकेन’ लहान मुलांच्या शाळेत उरले आहे. तिथे बाई विवाहित असोत वा नसोत, मुले त्यांना त्याच नावाने हाक मारतात.