मनोकायिक उपचार, कोकणातील

मनावर आलेला ताण श्वास, स्पर्श, ताल, उष्णता किंवा एकाग्रता यांच्या वाटेने, म्हणजे शरीराकडून मनाकडे जाऊन, हलका करण्याच्या रीती. डहाणूपासून रेडीपर्यंतच्या किनारपट्टीत यांतल्या काही रीती शिबिरांतून आणि केंद्रांतून आल्या : प्राणायाम, विपश्यना, शिरोधारा, रेकी. काही मात्र घरात आणि देवळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत आणि त्यांना कोणी उपचार म्हणत नाही : टाळूवर तेल जिरवणे, भजनाला बसणे, देवापुढे गाऱ्हाणे घालणे. येथे दोन्हींचा विचार एकत्र केला आहे, कारण शरीरात जे घडते ते पुष्कळदा एकच असते.

हल्ली सगळेच ‘टेन्शन’ म्हणतात, पण कोकणातला जुना शब्द ‘घोर’. जिवाला घोर लागतो, आणि तो बहुधा शरीराच्या भाषेत बोलतो : छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, अन्न जात नाही, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. ‘मी उदास आहे’ असे सांगत दवाखान्यात येणारा माणूस विरळा. ‘बीपी बघा जरा’ म्हणत येणारे अनेक. घोराची कारणेही इथल्या मातीतली आहेत. झाडे मोहोरली की अवकाळी पावसाची धास्ती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटीच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच. मुलगा मुंबईत, म्हातारा-म्हातारी वाडीत आणि मधे फोन. त्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला आदळले आणि लोकांनी लेकरांसारख्या वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. मे 2021 मध्ये तौक्ते आले. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्यात गेले आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर कोसळला. अशा अनुभवानंतर पाऊस जोरात लागला की काहींचे हात थंड पडतात, कितीही समजावले तरी छातीची धडधड थांबत नाही. ही भित्रेपणाची खूण नव्हे. शरीराने धरलेली आठवण आहे.

शरीरातले काम. संकट दिसले की अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतात, नाडी वाढते, स्नायू ताठतात, पचन मागे पडते. संकट टळल्यावर परानुकंपी संस्थेने, मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूच्या मार्फत, सगळे पूर्ववत करायचे असते. घोर लांबला की हे पूर्ववत होणेच अडते. नाडी, रक्तदाब, पचन यांवर आपला थेट हुकूम चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. म्हणून उच्छ्वास लांबवणे हा मनोकायिक उपचारांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत भरवशाचा भाग आहे.

श्वास आणि सूर. भारतातल्या आधुनिक योगप्रसाराचा एक आरंभ याच किनाऱ्यावरचा. श्री योगेंद्र (मणिभाई देसाई) यांनी 1918 साली वर्सोव्याला, समुद्राकाठी, ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला गेली. योग हा संन्याशांचा नाही, नोकरी-संसार करणाऱ्या गृहस्थाचाही आहे, हा त्यांचा आग्रह होता आणि ताणाच्या संदर्भात तो फार मोलाचा ठरला. अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन आज गावोगावी माहीत आहेत. भ्रामरीत ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करतात; गुंजारव चालू असेपर्यंत श्वास बाहेरच जात राहतो, म्हणजे उच्छ्वास न मोजता लांबतो. ज्याला काहीच येत नाही त्याने पाठ टेकून बसावे, मनात चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. पाच मिनिटे पुरतात. घेरी आल्यासारखे वाटले तर थांबावे. जोर लावून केलेल्या भस्त्रिकेने (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याने) घाबरलेला माणूस जास्तच घाबरतो.

2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलेला एक लहानसा अभ्यास येथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तेवीस निरोगी माणसांना लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय व रक्तदाबाच्या लयी एकमेकींशी जुळल्या. वसईच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी एकत्र म्हटली जाणारी रोझरी, कोकणी मुसलमानांचा जिक्र (अल्लाच्या नावाचा जप), मालवणकडचे भजन यांच्याकडे या नजरेने पाहिले म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

भजनाचेच बघा. देवळाच्या सभामंडपात बुवा पेटीवर अभंग धरतात, ओळ लांबवत नेतात आणि मागचा कोरस ती उचलतो. पंधरा-वीस माणसे एकाच जागी श्वास घेतात आणि एकाच जागी सोडतात. पखवाजाची थाप बसलेल्या माणसाच्या मांडीत जाणवते. दिवसभर कोणाशी न बोललेला गडीही झांज वाजवता वाजवता मान डोलावू लागतो. पुढे गजर सुरू होतो, लय चढते, अंगाला घाम येतो, आणि शेवटी सगळे सैलावतात. ताण चढवून मग सोडायचा, ही स्नायूंच्या शिथिलीकरणाची जी रीत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1920च्या दशकात बसवली, तिच्याशी हे जवळचे आहे. फक्त इथे माणूस एकटा नसतो, आणि हा फरक लहान नाही.

शिमग्याची बोंब आणि फाका (शिमग्यातल्या आरोळ्या) यांनी मनातली वाफ जाते, असे सर्रास सांगतात. आरडाओरड करून राग निवतो याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उलट तो तापत राहतो असेच दिसते. शिमग्यात मन हलके होते ते पालखी नाचवण्याने, रात्रभरच्या चालण्याने आणि मुंबईहून आलेल्या भावाबंदांच्या भेटीने, असे म्हणणे जास्त योग्य.

तेल आणि ऊन पाणी. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणे कोकणात घरोघर आहे. मोठ्यांच्या वाट्याला ते फार क्वचित येते. झोप उडालेल्या सुनेला सासू मागच्या पडवीत पाटावर बसवते, वाटीत खोबरेल कोमट करते, बोटे बुडवून आधी टाळूवर थेंब सोडते आणि तळव्याने थापत जिरवते. मग कानशिले, मान, शेवटी तळपाय. बोलणे फारसे नसते. अर्ध्या तासाने मानेची शीर सैल झालेली हाताला कळते. आयुर्वेदातील अभ्यंग आणि कपाळावर तेलाची संथ धार धरण्याची शिरोधारा या याच्याच शास्त्रोक्त बहिणी. मऊ, संथ स्पर्शाने शरीर सैलावते आणि झोपेला मदत होते एवढे खात्रीने म्हणता येते. ‘विषद्रव्ये बाहेर पडतात’ हा जाहिरातीतला दावा सिद्ध झालेला नाही. महागड्या रिसॉर्टमधल्या शिरोधारेपेक्षा घरातल्या माणसाचा हात कमी प्रतीचा आहे, असे मानण्याचे काही कारण नाही.

वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजवाडी आणि राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची एक ओळच सह्याद्रीच्या पायथ्याने गेली आहे. लोक तिथे सांधेदुखी आणि त्वचारोगांसाठी जातात, पण परतताना ‘आज झोप बरी लागेल’ असेही म्हणतात, आणि ते खरे ठरते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू ढिले पडतात. हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी फार वेळ कुंडात राहू नये; चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

गाऱ्हाणे. दक्षिण कोकणातली ही प्रथा उपचार म्हणून आजवर जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे. संकटातला माणूस ग्रामदेवतेच्या देवळात नारळ घेऊन येतो आणि त्याच्या वतीने गावकर किंवा मानकरी मोठ्या आवाजात देवाला साकडे घालतो : ‘बा देवा म्हाराजा, कोणाची काय चूकभूल झाली आसात तर ती पदरात घे, आणि ह्या लेकराच्या वाटेतला संकट दूर कर रे म्हाराजा!’ प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एकमुखाने म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ ज्या माणसाला स्वतःचे दुःख शब्दांत मांडता येत नाही त्याचे दुःख दुसरा माणूस चारचौघांत, लाज न आणता, मांडतो आणि गाव त्याला होकार भरतो. देवाने काय केले हा श्रद्धेचा भाग. घोर एकट्याचा राहत नाही, हे मात्र डोळ्यांसमोर घडते. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : मंत्र-पूजा-नवसाची दैवव्यपाश्रय, आहार-औषधाची युक्तिव्यपाश्रय आणि अहितकारक विषयांपासून मनाला आवरण्याची सत्त्वावजय. गाऱ्हाणे पहिल्यात मोडते, पण त्याचे काम तिसरीच्या अंगाने जाते.

ध्यान. सत्यनारायण गोयंका यांनी रुजवलेल्या विपश्यनेचे मुख्य केंद्र घाटावर इगतपुरीला आहे. कोकणात तिची मोठी खूण म्हणजे 2009 साली उघडलेला गोराईचा पॅगोडा. दहा दिवसांचे मौन सर्वांना मानवत नाही. पूर्वी गंभीर मानसिक आजार झालेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. प्रवेश-अर्जातही हे विचारतात. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग तुलनेने सौम्य आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, चिंताविकाराच्या 276 प्रौढांवरील चाचणीत या वर्गाचा गुण एसिटॅलोप्राम या औषधाच्या जवळपास बरोबरीचा आढळला. पण त्या मंडळींना घरी रोज पाऊण तास सराव करायला सांगितले होते, हे विसरू नये. आणि यावरून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करणे तर साफ चुकीचे. त्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या असतात.

रेकी, पुष्पौषधी आणि चेहऱ्यावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी टिचक्या मारण्याची पद्धत यांच्याबद्दल थोडक्यात : ऊर्जेचे प्रवाह किंवा फुलांची स्पंदने यांना पुरावा नाही. बरे वाटते ते शांत बसण्याने, कोणीतरी लक्ष देण्याने, आणि टिचक्यांच्या बाबतीत भीतीचा विषय मनात आणून त्याला सामोरे जाण्याने.

जिथे थांबायला हवे. घोराला बाहेरची बाधा ठरवून भगताकडे किंवा देवस्कीवाल्याकडे फेऱ्या मारण्यात महिने जातात, कोंबडे-बकरे जातात, कर्ज होते आणि आजार वाढतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मीठ-मोहरीने दृष्ट काढणाऱ्या आजीला मात्र कोणी या रांगेत बसवू नये; त्या दोन मिनिटांत नातवाच्या अंगावरून मायेचा हात फिरतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेलेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, कानात आवाज येत असतील किंवा जगणे नको वाटत असेल, तर तेल, श्वास आणि भजन सोबतीला ठेवून वैद्यकीय उपचार घ्यावेच लागतात. रत्नागिरीचे मनोरुग्णालय 1886 पासून आहे, ठाण्याचे 1901 पासून. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्य कार्यक्रमाची बाह्यरुग्णसेवा मिळते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.