खर्रा पोरांपर्यंत पोचला कसा

विदर्भातल्या कुठल्याही एसटी थांब्यावर पानठेला असतोच. ठेलेवाला सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकतो, पाटीवर खसाखसा घोटतो आणि खर्ऱ्याची पुडी बांधून देतो. घेणारा सातवी-आठवीतला असला तरी त्याचा हात थांबत नाही.

गावाचं लक्ष आधी दारूकडे गेलं. गांधी-विनोबांचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा आहे, निदान कागदावर. गडचिरोलीत मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली. दारूचा मार बाईला बसत होता, म्हणून बाया रस्त्यावर उतरल्या. खर्ऱ्यावरून घरात मारझोड होत नाही. उलट कापूस वेचताना भूक मारायला बायाही तो दाढेत धरतात. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून दिवाळीच्या आगेमागे घरची पोरं शाळा बुडवून सोबत जातात. अनेकांची पहिली चिमूट तिथलीच.

कायदे आले, पण तयार पाकिटाच्या मागे. २००३च्या कायद्याने अठराच्या आतल्यांना तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांत दुकान मांडायला मनाई केली. २०१२ला राज्यात गुटखाबंदी झाली. खर्रा मात्र समोर घोटून मिळतो. त्यावर ना कंपनीचं नाव, ना इशाऱ्याचं चित्र. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण ठेलेवाला गावातल्याच कुणाचा तरी काका असतो, तक्रार करणार कोण?

आरोग्य खात्याला हे वय आधी दिसलं ते भावी आई म्हणून. २००५नंतरच्या किशोरवयीन आरोग्य कार्यक्रमाचा भर प्रजनन आरोग्यावर होता. जानेवारी २०१४मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, तेव्हा १० ते १९ वयोगटासाठी पोषणासोबत व्यसन, मानसिक आरोग्य आणि हिंसा हे विषयही त्यात धरले गेले. गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या मोहिमेने दारूसोबत तंबाखूही हाती घेतला. पण समुपदेशन केंद्र बहुधा तालुक्याच्या दवाखान्यात, आणि तिथं जायचं म्हणजे एक रोजी बुडते.

पोरगा दवाखान्यात येतो तो तोंड उघडेनासं झाल्यावर. डॉक्टर तीन बोटं उभी घालायला सांगतात. दोनही जात नाहीत. गालाची आतली कातडी पांढरी, ताठ झालेली असते. या आजाराचं मुख्य कारण सुपारी आहे, तंबाखू नव्हे. घरच्यांना ते माहीत नसतं. तंबाखू सोडून पोरगा नुसत्या सुपारीवर आला की तो सुटला असं ते समजतात, आणि धाकट्याला गोड सुपारीची पुडी स्वतःच आणून देतात.