केंद्रकाच्या दारातलं नप९८ आणि त्याचे आतले उद्योग

शाळेत पेशीचं चित्र काढताना मधे एक गोल काढायचा, बाण करून 'केंद्रक' लिहायचं, की झालं. तो गोल आपण अखंड रेघेने काढायचो ना, तिथेच गडबड आहे. खऱ्या केंद्रकाच्या आवरणाला हजारोंनी भोकं असतात, आणि ती नुसती भोकं नसतात, प्रत्येकात प्रोटीनांचं एक अवाढव्य यंत्र बसवलेलं असतं. १९५० मधे उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींची केंद्रकं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा ही भोकं पहिल्यांदा दिसली. माणसाच्या एका भोकात, म्हणजे पोअरमधे, साधारण ३० प्रकारची प्रोटीन्स असतात, पण प्रत्येकाच्या बऱ्याच कॉपी, त्यामुळे एकूण नग हजाराच्या घरात जातात आणि सगळी रचना आठ पाकळ्यांची. या प्रोटीन्सना न्यूक्लिओपोरिन म्हणतात, थोडक्यात नप, आणि पुढचा आकडा त्याचं वजन किलोडाल्टनमधे (हे रेणूंचं वजन मोजायचं एकक). नप९८, नप१५३, नप६२ अशी ही मंडळी.

आता या भोकाची खरी गंमत अशी की मधोमध उघडमीट करणारी झडप अशी नाहीच. काही नप प्रोटीन्सचे लांब लांब, कुठलाच ठरलेला आकार नसलेले धागे तिथे वळवळत असतात आणि त्यांच्यावर फेनिलअॅलनिन आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांची (प्रोटीनच्या मण्यांची) जोडी पुन्हा पुन्हा येते. धाग्यांच्या या गुंत्यातून छोटे रेणू आरामात जातात, पण साधारण ४० किलोडाल्टनच्या वरच्यांना मुंगीच्या पावलाने जावं लागतं किंवा जाताच येत नाही. मग मोठ्या प्रोटीन्सनी आत जायचं कसं? तर इम्पोर्टिन नावाची वाहक प्रोटीन्स असतात, त्यांच्या अंगावर या धाग्यांना पकडायला छोट्या खाचा असतात, त्यामुळे गर्दीत ओळखीच्या माणसाला लोक सरकून जागा देतात तसं होतं आणि सोबतचा मालही पार होतो. आत जायचं की बाहेर ही दिशा ठरवतं रॅन नावाचं प्रोटीन, जे केंद्रकात एका रूपात असतं आणि बाहेर दुसऱ्या. ऊर्जा खर्च होते ती हा फरक टिकवायला, पोअर स्वतः काही खात नाही.

आरएनए बाहेर पडताना तर शास्त्रज्ञांनी अक्षरशः घड्याळ लावून बघितलंय. उंदराच्या जिवंत पेशीत एक एमआरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून उतरवलेली नक्कल) बाहेर यायला साधारण १८० मिलिसेकंद लागले, पण त्यातले मधलं भोक ओलांडायला फक्त ५ ते २०, बाकी सगळा वेळ आतल्या तोंडाशी थांबण्यात आणि बाहेरच्या तोंडाशी थांबण्यात गेला. म्हणजे रस्ता मोकळा, वेळ जातो तो चेकिंगला! मला हा प्रयोग फार आवडतो.

इथवर सगळं वाहतुकीचं. पण जुन्या मायक्रोस्कोपच्या फोटोंतही एक विचित्र गोष्ट दिसायची, आवरणाला आतून चिकटून डीएनए घट्ट गुंडाळलेला, काळा, आणि पोअरच्या समोर मात्र तो बाजूला झालेला. १९८५ मधे पेशींचे अभ्यासक गुंटर ब्लोबेल यांनी (यांनाच पुढे १९९९ मधे नोबेल मिळालं, पण पेशीत कुठे जायचं ते सांगणाऱ्या, प्रोटीनवरच्याच पत्त्यांच्या कामासाठी) एक तर्क मांडला की चालू असलेले जीन पोअरजवळ येऊन बसत असावेत. यीस्टमधे नंतर तसं खरंच दिसलं, गॅलॅक्टोज ही साखर दिली की ती पचवणारे जीन उठून पोअरपाशी येतात. सगळे जीन असं करत नाहीत, आणि फळमाश्यांच्या, माणसांच्या पेशींत तर प्रकरण उलटंच निघालं, जीन दारापाशी येण्याऐवजी दारातलं प्रोटीनच आत जातं. २०१० मधे फळमाशीच्या पेशींत नप९८ पोअरपासून लांब, केंद्रकाच्या आत, चालू जीन्सवर बसलेलं सापडलं. दारातला माणूस ऑफिसात फायली चाळताना सापडावा तसं.

तिथे ते काय करतं? इंटरफेरॉन हा इन्फेक्शनचा इशारा एकदा मिळून गेलेल्या पेशी दुसऱ्या वेळी तेच जीन जास्त झपाट्याने चालू करतात, आणि ही आठवण पेशीच्या चार पिढ्यांपर्यंत टिकते. त्या जीन्सच्या सुरुवातीला नप९८ बसून असतं आणि ते काढून घेतलं की आठवणही जाते.

याच गुणाचा घात पण होतो. काही ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरात) ७ आणि ११ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन नप९८ चा पुढचा, धाग्यांचा भाग हॉक्सए९ या डीएनएला चिकटणाऱ्या प्रोटीनला जोडला जातो. हे १९९६ मधे कळलं. ते चिकट धागे आता नको त्या जीन्सवर गोळा होतात, जीन चालू करणारी यंत्रणा तिथे ओढून आणतात आणि रक्तपेशी मोठी व्हायचं सोडून नुसती वाढत सुटते.

व्हायरसना तर नप९८ कधीचं माहितीये. पोलिओचा व्हायरस स्वतःच्या एन्झाइमने त्याचे तुकडेच करतो. कोरोनाच्या ओआरएफ६ नावाच्या प्रोटीनची पद्धत वेगळी, ते नप९८ ला मिठी मारून बसतं, मग इम्पोर्टिनला तिथे टेकता येत नाही, आणि त्याच्यासोबत जो इंटरफेरॉनचा निरोप आत चाललेला असतो तो उंबऱ्याबाहेरच अडकून राहतो.